हिरवा ठोका

"बाबा, एवढी धाप का लागतेय तुम्हाला?" धक्क्यावर सुगंधाने विचारले.

"कुठे? बघ, हिरवंच आहे," खाडीत फेरीबोट चालवणारे तिचे वडील मोबाइल पुढे करत म्हणाले. छातीवरची जेलची पट्टी हृदयाचा ठोका न् ठोका मोबाइलला कळवायची; तांबडा दिवा लागला की बोट चालवणाऱ्या तांडेलाला बोटीवरून उतरवत.

सुगंधाला त्या हिरव्याचा संशय आला. तिने त्यांचे मनगट धरले. नाडी अडखळत होती. तिने सदऱ्याची बटणे सोडली, तर छाती मोकळीच!

"पट्टी कुठाय?"

"तुझ्या काकाच्या छातीवर," ते खाली बघत म्हणाले. "बोट हातची गेली तर मी करू काय गं?"

"आधी जगा!" तिने त्यांना बोटीत घेतले आणि स्वतः सुकाणू धरले. "बसा. दवाखाना पलीकडे आहे."

ते उतारूंच्या फळीवर बसले.