दोन बोटं आखूड
कुटुंब न्यायालयातल्या समुपदेशक बाईंनी माझ्या फाइलमधले मेसेजचे कागद टेबलावर आपटून एकसारखे केले. एक कागद दोन बोटं आखूड निघाला. वरची ओळ मीच कात्रीने कापली होती. "'मी स्पर्धेला येणार नाही, पोरीला सांग.' हे तुम्हीच लिहिलंत?" त्यांनी वेगळं राहणाऱ्या माझ्या नवऱ्याला विचारलं. त्याने कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. कापलेल्या ओळीत माझा मेसेज होता: 'तू आलास तर मी तिला पाठवणारच नाही.' त्याच्या फोनमध्ये तो असणारच. त्याने फोन उचलला. माझ्याकडे बघत त्याने तो खिशात टाकला. "हो, मीच लिहिलंय." बाईंनी तशी नोंद केली. जिन्यात माझी मान वर होईना. "खरं का नाही सांगितलंस?" "पोरगी मोठी झाली की ही फाइल वाचेल," तो म्हणाला. "दोघांबद्दलही वाईट कशाला वाचायला लावायचं?"