तिसरी पातळी

"पातळी कमी करणार नाही," फेर्डी प्युट्सने दारात पाऊल टाकायच्या आधीच इर्मेला फॉसने सांगून टाकले. "आल्या पावली परत जा."

प्युट्स परत गेला नाही. त्याने कार्निव्हल कमिटीची पिसांची टोपी काढली, जॅम भरलेल्या बर्लिनर डोनटांचा खोका टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसला. तो कमिटीचा अध्यक्ष. उद्या सोमवार, म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीचा दिवस. आणि हवामान अंदाज केंद्रातल्या इर्मेलाच्या पडद्यावर गडगडाटी वादळाचा नारिंगी पट्टा फ्रान्सच्या किनाऱ्यापासून पार पोलंडपर्यंत पसरलेला. ऱ्हाइनकाठचे हे शहर त्या पट्ट्याच्या दक्षिण कडेला येत होते. इशाऱ्याची पातळी तीनपैकी दुसरी.

इर्मेला वर्षभर धुमसत होती. गेल्या वर्षी याच सोमवारी तिने दुसरी पातळी दिली आणि मिरवणूक रद्द झाली. वादळ आले, पण तीस किलोमीटर उत्तरेने गेले. तिकडे छपरे उडाली, पुलावर ट्रक उलटला. इकडे दिवसभर लख्ख ऊन पडले आणि सगळे शहर तिच्यावर उलटले. बेकरीवाली अजूनही काउंटरमागून विचारायची, "फॉसबाई, पाव देऊ? मिळायची शक्यता साठ टक्के." यंदा तर कमिटीने मिरवणुकीसाठी तिच्यावर रथच बनवला होता. हवामानवाल्यांना इथे एरवीही बेडूकच म्हणतात. रथावर कागदाच्या लगद्याचा चांगला दोन माणसांएवढा बेडूक होता, आणि त्याच्या डोळ्यांवर तिचा चष्मा. रथावर ज्याची टिंगल होते त्याने रागवायचे नसते, उलट मान समजायचा असतो, अशी इथली रीत. हा मान वृद्धाश्रमातल्या तिच्या आईने पेपरात पाहिला आणि ती बिचारी रडत बसली.

आज प्युट्स आयता समोर सापडला होता. इर्मेलाने त्याला सोडले नाही. उन्हाळ्यातले वादळ निदान ढगांचे डोंगर उभे करून वर्दी देते, हिवाळ्यातले चोरासारखे येते, हे तिने त्याला ऐकवले. ढग बुटके असतात, वीज एखादीच चमकते, पण वरचा सगळा वारा ते खाली आपटतात. दुसरी पातळी म्हणजे वादळ इथे येईल किंवा शेजारच्या गावावर जाईल. येणारच, असे फक्त तिसरी सांगते. आम्ही अख्ख्या खंडाचा अंदाज काढायचा, आणि तुमच्या गल्लीत ऊन पडले म्हणून बेडूक व्हायचे, हा कुठला न्याय, असे तिने विचारले. बोलता बोलता तिचा आवाज चढला.

"कमी करा म्हणायला आलोच नाही मी," तो म्हणाला. "वाढवा."

"वाढवू? कशाला?" इर्मेलाने विचारले.

मग प्युट्सने सरळ सांगितले. तिसरी पातळी लागली की रस्ते पोलीस बंद करतात, कमिटीला कुणी विचारत नाही. दुसरी असली की मिरवणूक काढायची की नाही हे अध्यक्षाने ठरवायचे. गेल्या वर्षी रद्द करायचे त्यानेच ठरवले होते. लोकांनी त्याच्या दारावर अंडी फेकली, नातवंडे त्याच्याशी बोलेनाशी झाली.

"तो बेडूक मीच सुचवला, फॉसबाई. तुमचा रथ झाला नसता, तर माझा झाला असता."

"आकडे तिसरीचे नाहीत," इर्मेला कशीबशी म्हणाली. "मी खोटं लिहू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. दुसऱ्यांदा रद्द करायची छाती नाही माझ्यात. दुसरी ठेवलीत, तर उद्या रथ निघणार."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. छाती याला नाही आणि खोटे बोलायचे तिने. तिने त्याला खोक्यासकट बाहेर काढले. मग आकडे पुन्हा तपासले, शेजारच्या देशांतल्या सहकाऱ्यांशी बोलून घेतले. दुसरीच येत होती. पण रथांवरून उधळलेली चॉकलेटे झेलायला पोरे थेट चाकांपर्यंत येतात, हे तिने लहानपणापासून पाहिले होते. ती स्वतःही तशीच जायची. तिने शहराभोवती तिसऱ्या पातळीची लाल रेघ ओढली. जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे असे तिने आयुष्यात पहिल्यांदाच लिहिले, आणि त्याची तिला भयंकर लाज वाटली.

सोमवारी भर दुपारी आभाळ काळे झाले. एकदाच गडगडले, गारा आल्या आणि मागोमाग वारा. बाजारचौकातले लिंडनचे झाड मुळासकट फुटपाथवर आडवे झाले. पोलिसांनी सकाळीच दोर बांधले होते, त्यामुळे फुटपाथवर कुणी नव्हते. संध्याकाळी बेकरीवालीने इर्मेलाला पाव फुकट दिले.

कार्निव्हलच्या पुढच्या मोसमाच्या पहिल्या सभेत कमिटीने तिला बोलावून घेतले. सभागृह गच्च भरले होते. पहिल्या रांगेत तिची आई नवी शाल पांघरून बसली होती. प्युट्सने भाषण केले आणि 'अचूक अंदाजाबद्दल' म्हणत इर्मेलाच्या गळ्यात कमिटीचे पदक घातले. सगळे उभे राहिले. ती माइकपाशी गेली.

"ज्या अंदाजाबद्दल तुम्ही माझा बेडूक केलात, तो खरा होता," ती म्हणाली. "आणि ज्याबद्दल पदक देताय, तो मी खोटा लिहिला होता. तुमच्या अध्यक्षांच्या सांगण्यावरून."

मग प्युट्स मोठ्याने हसला, त्याच्यामागोमाग सगळे सभागृह हसले, आणि विनोद झाला की वाजवतात तशी बँडने तुतारी वाजवली.