कोरडे मोजे

चार दिवसांच्या सायकल स्पर्धेत माझी व्हॅन दादा चालवत होता. पुढच्या थांब्यावर जेवण मांडायचं आणि माझा ऑपरेशन झालेला डावा गुडघा चोळायचा, एवढंच त्याचं काम. पहिल्या दिवशी मी केळी मऊ आहेत म्हणून कुरकुरलो, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, तर डबा रिकामा.

"दादा, माझं जेवण?"

"मघाशीच जेवलास की. कोरडे मोजेही घालून गेलास."

पिशवीत मोजे खरंच नव्हते. चला, माझ्यापैकी कुणीतरी वेळेवर चाललंय, असं म्हणून मी उपाशीच निघालो.

तिसऱ्या दिवशी गुडघाही चोळून झाला होता. "सूज उतरली तुझी," दादा म्हणाला. माझी वाढली होती.

चौथ्या दिवशी मी जीव काढून सायकल हाणली आणि वेळेआधीच पोचलो. व्हॅनचं दार बंद होतं. आत दादा खाली बसून कुणाचा तरी डावा गुडघा चोळत होता. त्या पायात माझे मोजे होते.

मी काच वाजवली. दादाने ती दोन बोटं खाली केली.

"दादा, मी आलोय."

"माहितीये रे," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्या दिवसापासून माहितीये. पण हा कुरकुर करत नाही."

काच वर जाताना आतून माझा आवाज आला, "कोण आहे, दादा?"