दृष्ट

अनुजानं पृथ्वीराजला मांडीवर घेतलं आणि आधी त्याचं पोट चाचपलं. मऊ लागलं. गाठ गेली होती.

"काय दिलतंस गं याला?" तिनं विचारलं. "खरं सांग की."

"तुझ्या गळ्याची शपथ, काय बी न्हाय," संयोगिता म्हणाली. "डॉक्टर म्हणलं, वरसाच्या आतलं पोर हाय, तान्ह्यांची कधी कधी आपोआप जिरती, थांबून बघू. आनि जिरली बघ."

दवाखान्यात दोघींच्या लेकरांच्या खाटा शेजारी होत्या. कॅन्सरही एकच. पण अनुजाची श्रुती चार वर्षांची, तिची गाठ कुठली थांबतेय! दिवाळीच्या तोंडावर पोर गेली. आज अनुजा आजऱ्याहून एसटीनं कोल्हापुरात आली होती, फक्त याला बघायला.

"आमी सगळं केलं गं," ती म्हणाली. "केसं गेली तिची, पाणीसुदीक गिळंना. मीच हात धरून ठेवलं. म्हटलं, एवढं टोचून घे, बरी हुतीस. खोटं सांगितलं मी तिला. आनि तुमी काय बी न करता..."

संयोगिताला लाज वाटली. पोरगं जगल्याची कुणाला लाज वाटते का? तिला वाटली.

सासू शालूबाई आतून बघत होती. लेकरू गेलेली बाई, तिचे डोळे आपल्या नातवावर.  म्हातारी वाईट नव्हती बिचारी, भ्याली होती. अनुजा उठून बाहेर पडते न पडते तोच तिनं मीठ-मिरच्या नातवावरनं उतरवल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या.

"आत्याबाई, अवो ती अजून दारातच हाय!"

"असू दे. नजर लागली असली तर ठसका उठत न्हाय. बघच तू."

पण असा ठसका उठला म्हणता! म्हातारी खोकली, सून खोकली, पोर रडून लाल झालं. चपला घालता घालता अनुजाही खोकायला लागली. आत काय चाललंय ते तिला न सांगता कळलं.

शालूबाई धावत बाहेर आली. तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. तिनं नातवाला पुढं केलं. "घे गं बाई. चुकलं माझं. तुझी काय बी नजर न्हाय."

अनुजानं हात मागं घेतले.

"मिरच्या खोट्या बोलल्या, मावशी," ती म्हणाली. "माझ्या मनात आलतं, ह्योच का वाचला."