पाऊण इंच

"सगळ्यांची मापं हवीत. नाव, फोन नंबर, खांदे, छाती, कंबर. एकही वगळायचं नाही." फौजदारानं सरकारी कागद शिलाई मशीनवर ठेवला.

टेलरकाकूंनी आधी कागदाखालचं रेशमी कापड ओढून घेतलं. शाईचे डाग निघता निघत नाहीत. मग चष्मा लावून त्यांनी कागद वाचला.

सोबत एक फोटो होता. चौकातल्या नव्या सरकारी कॅमेऱ्यावर एका बाईनं भरदुपारी शिडी लावून काळी खोळ चढवली होती. खोळ इतकी चपखल बसली होती, की काढायला दोन तास गेले आणि तोवर अख्खा चौक हसत उभा होता. बाईनं तोंड बांधलेलं. पण दुसऱ्या कॅमेऱ्यानं तिला पाठमोरी टिपलं आणि कॉम्प्युटरनं खूण काढली: डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली.

काकूंच्या टॅबमध्ये सहाशे बायकांची मापं होती. भाचीनं हौसेनं भरून दिलेली. त्यांतल्या अकराजणींचा डावा खांदा उतरता होता. कुणी टपालाची पिशवी वाहणारी, कुणी लेकराला सतत कडेवर घेणारी. यादी गेली की अकराही जणी संध्याकाळच्या आत चौकीत बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"लपवण्यासारखं काही नसेल, तर भीती कसली?" फौजदार म्हणाला.

"साहेब, लोकांकडे लपवण्यासारखं काही नसतं, तर माझं दुकान चाललं असतं का? तुमच्या वर्दीच्या कमरेला आतून इलॅस्टिक कुणी लावलं?"

दारातल्या हवालदाराला एकदम खोकला आला. फौजदारानं पोट आत घेतलं.

"काकू, मापात राहा. टॅब द्या, नाहीतर दुकानाला सील लागेल."

काकूंचं डोकंच फिरलं. बायका पडदा ओढून, विश्वासानं हात वर करून त्यांच्यापुढे उभ्या राहत. ती मापं आता चौकीत मोठ्यानं वाचली जाणार? त्यांनी टॅब उघडून पुसायचं बटण दाबलं. 'सगळं पुसायचं का?' असं त्यानं विचारलं. काकूंनी 'हो'वर बोट दाबलं आणि रिकामा टॅब फौजदाराच्या हातात दिला.

"हे काय केलंत! आता ती बाई सापडायची कशी?"

"यादी नेली असतीत, तरी सापडली नसती. टेलरचं माप कोण घेतं?" काकूंनी गळ्यातली टेप काढली आणि मशीनवर वाकून वाकून उतरलेल्या स्वतःच्या डाव्या खांद्याला लावली. "घ्या लिहून. पाऊण इंच."