बॉनेटवरचं मांजर

बेकरीवालीच्या भावाच्या अंगणात विकायला उभ्या असलेल्या डिझेल पिकअपच्या बॉनेटवर मांजर झोपलं होतं. अंगाचं मुटकुळं करून, नाक शेपटीत खुपसून, कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखं.

थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. कुंपणावर दव होतं, छपराच्या पत्र्यावर होतं, ती आणि तिचा नवरा ज्या जुन्या पेट्रोल गाडीतून आले तिच्या मागच्या काचेवरही अजून होतं. या बॉनेटवर नव्हतं. बेकरीवालीनं ते पाहिलं. मागे नवरा वाकून टायर तपासत होता. तिनं झटकन मांजराला हाकललं आणि ते झोपलं होतं तिथं तळवा ठेवला.

ऊबदार.

"चार दिवस हात लावला नाही गाडीला," भाऊ सांगत होता. "खास तुमच्यासाठी तशीच ठेवलीय, भावोजी. डिझेल पारखायचं तर गार इंजिनावर. काय, ताई?"

ताईनं बॉनेटवरचा हात काढून घेतला. महिनाभर घरात डिझेलची बाजू तीच मांडत होती. नवऱ्याचं म्हणणं साधं होतं. पहाटेच्या काळोखात पाव घेऊन निघायचं, दुकानागणिक थांबायचं. पेट्रोलची गाडी चावी फिरवली की उठते, डिझेल थंडीत रुसतं, आणि आपला पाव उशिरा पोचला की दुकानदार दुसऱ्याचा ठेवून घेतो. तिनं त्यावर हिशेब मांडला होता. डिझेलला ॲव्हरेज जास्त, भरल्या गाडीला चढावर ओढ जास्त, इंजिन टिकतं जास्त. आणि ज्याचा आकडा मांडता येत नाही तेही शेवटी ऐकवलं होतं : "माझा सख्खा भाऊ मला फसवेल होय?" बायकोच्या भावाबद्दल उत्तर सुचलं तरी शहाणा नवरा ते खिशातच ठेवतो.

आता तो गाडीत बसला. चावी फिरवली. हीटरचा पिवळा दिवा लागला, विझला. सेल्फ मारताच इंजिन एका दमात उठलं. धूर नाही, खोकला नाही.

"हरलो बुवा!" त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. "तुझं डिझेल जिंकलं. काढ विसार."

तिनं पर्सची चेन अर्धी उघडली. भाऊ हसत होता, पण त्याची नजर पर्सवर होती. लहानपणी फोडलेली बरणी पाठीमागे लपवून तो असाच हसायचा. मार ती खायची.

"बंद करा," ती म्हणाली.

"अगं, पण आत्ताच तर..."

"बंद करा गाडी. आधी चहा घेऊ. इंजिन पुरतं गार होऊ दे. मग परत चालू करून बघू."

भावाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. हसणारा तेवढा निघून गेला. नवऱ्यानं गाडी बंद करून चावी त्याच्या हातात दिली. ती त्यानं खिशात टाकली.

"ताई, माझ्यावर भरवसा नाही? परक्यासारखं करतेस."

"परकी असते तर चहा मागितला नसता."

चहा झाला. वहिनीनं नाश्ता पुढे ठेवला, तो कुणी धड खाल्ला नाही. भाऊ बसला, उठला, परत बसला. तुम्हाला लांब जायचंय, आभाळ भरून आलंय, दुसरं गिऱ्हाईक येतो म्हणालंय. एकेक कारण तो भिंतीवरच्या घड्याळाला सांगत होता. नवरा वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता. पान मात्र उलटत नव्हता. ती खिडकीशी बसून अंगणाकडे पाहत होती. मांजर केव्हाच बॉनेटवर परतलं होतं. तेवढं एकच त्या घरात निवांत होतं.

ऊन काही पडलं नाही. वहिनी जेवायचं विचारायला आली तेव्हा मांजर उठलं. एक पंजा उचलून झटकला, दुसरा झटकला, कुणीतरी फसवल्यासारखं बॉनेटकडे पाहिलं आणि खाली उडी मारून चालतं झालं.

"झालं गार," ती म्हणाली. "दे चावी."

भावाचा हात खिशात गेला आणि तिथंच राहिला. चावीचा आवाज येत होता, चावी येत नव्हती. वहिनी दारातून आत वळली.

"भावोजी म्हणतात तेच खरंय, ताई," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तुमच्या धंद्याला पेट्रोलच बरी."

तिनं पर्सची चेन लावली.

परतीच्या वाटेवर जुनी पेट्रोल गाडी चढावर धापा टाकू लागली. नवऱ्यानं गिअर उतरवला.

"मांजर मी फाटकातूनच पाहिलं होतं," तो म्हणाला.

ती गर्रकन वळली. "मग बोलला का नाहीत? वर हरलो बुवा, हरलो बुवा!"

"भाऊ तुझा. बोलायचं तर तूच."

"आणि मी विसार देऊन टाकला असता तर?"

"तर रोज पहाटे गाडीला धक्का मारला असता. त्याचं काय एवढं?" तो समोर रस्त्याकडेच पाहत होता. "तू त्या मांजराला मला दिसू नये म्हणून हाकललंस असं वाटलं ना, तेव्हा मात्र घाबरलो."