चोखंदळ प्लेअर

सीडी प्लेअरला शुद्ध वीज मिळावी म्हणून जपानमधल्या सेंदाई शहरातल्या कुरोइवासाहेबांनी अंगणात स्वतःचा विजेचा खांब रोवून घेतला. तरी बायकोची, फुमिएबाईंची, एकुलती एक सीडी त्यावर अडखळायचीच. दुरुस्तीवाल्या निशिगाकीने भिंग पुसलं, वायर बदलली, शेवटी सीडी स्वयंपाकघरातल्या जुनाट, डबड्यासारख्या प्लेअरमध्ये घातली. तिथे ती सुरळीत वाजली.

"डबड्याला काय, ते काहीही वाजवतं," साहेब म्हणाले. "माझा प्लेअर चोखंदळ आहे."

"खरंय साहेब, दोष सीडीचाच. नुसते ओरखडे आहेत." निशिगाकी फुमिएबाईंकडे वळला. "काकू, साहेबांच्या आठशे सीडींवर एक चरा नाही. तुमच्या एका सीडीची ही दशा कशी झाली हो?"

मुळा किसता किसता फुमिएबाई म्हणाल्या, "मी ती ऐकते ना."